1 तास 37 मिनिटांवर अडकलेलं औक्षण

मावशीचा फोन आला तेव्हा मी इंदूरच्या राजवाड्यासमोर ट्रॅफिकमध्ये अडकलेलो होतो आणि तिचं पहिलंच वाक्य, "अरे त्या बंटीने केलेल्या सीड्या सगळ्या वाया गेल्या, एकही चालत नाही." सीड्या म्हणजे डीव्हीड्या. आमच्या घरात गोल आणि चकचकीत जे काही असतं ते सीडीच. मी म्हटलं सगळ्या बाराच्या बारा? तर म्हणे हो सगळ्या, आणि मग इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच, "तशी आपल्याकडे लागते रे, पण औक्षणाला अडकते." म्हणजे लागते! "एकही चालत नाही" आणि "लागते पण अडकते" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि पुढचं सगळं प्रकरण या फरकावरच फिरलं.

मागची हकीकत थोडक्यात. मावशीच्या सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, एप्रिलमध्ये सहस्रचंद्रदर्शन झालं, राजेंद्र नगरला घरच्या घरीच. सकाळी होम, दुपारी पंगत, संध्याकाळी 81 दिव्यांचं औक्षण. शूटिंगवाल्याने पेनड्राइव्हवर एकच फाइल दिली, 1 तास 52 मिनिटांची, एमपीफोर, फुल एचडी. आता तुम्ही म्हणाल पेनड्राइव्ह होता तर डीव्हीडीचा उद्योग कशाला. कारण अण्णांच्या प्लेअरला युएसबीचं भोकच नाही, आणि नातेवाइकांमध्ये सत्तरीच्या पुढचे निम्मे लोक असे आहेत की ज्यांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली तर "बघितली हं" म्हणतात आणि बघत नाहीत. अण्णांचं म्हणणं, हातात धरता येईल असं काहीतरी द्या. मग बंटी, म्हणजे मावशीचा नातू, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे त्यामुळे घरातल्या प्रत्येक वायरीचा तोच मालक, त्याने मे महिन्यात बारा डीव्हीड्या केल्या, बहुतेकींवर अण्णांचा फोटो छापलेला गोल स्टिकर लावला आणि गावोगाव पाठवल्या.

मी घरी पोचून एका जुन्या पत्रिकेच्या पाठीमागे तीन रकाने आखले, कोणाकडे, कुठल्या मिनिटाला, आणि स्क्रीनवर नेमकं काय दिसतं, आणि एकेकाला फोन लावले. लोकमान्य नगरच्या मामांकडे प्लेअर डिस्क आत घेतो, थोडा वेळ घरघर करतो आणि "नो डिस्क" दाखवतो. ग्वाल्हेरच्या आत्याकडे सिनेमा पूर्ण चालतो पण काळापांढरा, आणि माणसं झटके देत चालतात. मावशीकडे चित्र आवाज सगळं छान, फक्त 1 तास 37 मिनिटांच्या आसपास चौकोन चौकोन होतात आणि मग चित्र गोठतं. पुण्याच्या काकूंनी पाकीटच उघडलं नव्हतं, त्यामुळे त्यांची डिस्क अजून तरी उत्तम होती.

तीन घरं, तीन लक्षणं. बंटीला रविवारी समोर बसवून नीट विचारलं, रागावलो नाही, फक्त "पहिल्यापासून सांग काय काय केलंस" एवढंच. तेव्हा कळलं की बारा डिस्क एका दमात झाल्याच नव्हत्या. पहिल्या चार त्याने नुसती फाइल ओढून टाकून केल्या. त्यातली एक मामांना गेली, मामांनी चालत नाही म्हटलं तर याला वाटलं मामांचा प्लेअर जुना. पण दुसरी अण्णांच्या प्लेअरमध्येही चालेना तेव्हा कुठे त्याने कुठलंतरी फुकटचं कन्व्हर्टर उतरवून उरलेल्या आठ केल्या. मामांना नवी द्यायची मात्र राहिलीच.

मामांचं प्रकरण त्यामुळे तिथल्या तिथे मिटलं. डिस्क लॅपटॉपमध्ये घातली, उघडली, आत एकटी एमपीफोर फाइल. ही व्हिडिओ डीव्हीडी नाहीच, ही डीव्हीडीच्या आकाराची पेनड्राइव्ह आहे. विंडोजमध्ये कोरी डिस्क घातली की विचारतं ही कशी वापरायची, युएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी की सीडी/डीव्हीडी प्लेअरमध्ये, आणि बंटीने पहिला पर्याय घेतला होता, त्यात डिस्क अशा पद्धतीने फॉरमॅट होते की टीव्हीखालचा साधा प्लेअर ती ओळखतच नाही. दुसरा पर्याय घेतला असता तरी मामांचं भलं झालं नसतं हे मुद्दाम सांगतो, कारण त्या नावाने भले भले फसतात. त्या पर्यायाने फाइल जशी आहे तशीच डिस्कवर जाते, फक्त डिस्क नीट बंद होते. साध्या प्लेअरला लागतं व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर, त्यात आयएफओ (कुठे काय आहे याची यादी), बीयूपी (त्या यादीची प्रत) आणि 1 जीबीच्या आतले व्हीओबी म्हणजे चित्र-आवाजाचे तुकडे, चित्र एमपेग-2 या दाबून साठवण्याच्या पद्धतीत, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, आवाज 48 किलोहर्ट्झचा. काही प्लेअर डेटा डिस्कवरच्या फाइल्सही वाचतात, पण फुल एचडी एमपीफोर त्यांच्या बापाच्यानेही होत नाही.

आता मावशीची डिस्क. इथे माझे चार दिवस गेले त्यामुळे जरा सविस्तर.

डिस्क हातात घेऊन ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर खालच्या बाजूला अख्खा अंगठा उमटलेला, पिवळट, तेलकट. वास घेतला, शेव. बंटीने शेव खात खात बर्निंग केलेलं, इंदूरचा पोरगा, दुसरं काय होणार. ही डिस्क 1:37 च्या आधी विसाव्या मिनिटालाही एकदा अडखळायची हे मावशीने तोपर्यंत सांगितलं नव्हतं. चष्म्याचं मऊ फडकं जरासं ओलं करून आतल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसलं, गोल गोल नाही, कारण गोल पुसताना ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेनेच जातो आणि लांबवर सलग डेटा खातो, आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो. विसावं मिनिट सुटलं. 1:37 जागच्या जागी.

मग प्लेअरवर संशय. मावशीकडची भजनांची विकतची डीव्हीडी लावली, शेवटपर्यंत चालली. यावरून प्लेअर ठणठणीत आहे असं काका म्हणाले आणि मी मान हलवली नाही, कारण विकतच्या डिस्कमध्ये खळगे साच्यातून दाबून काढलेले असतात, घरी भाजलेल्यात लेझरने रंगाच्या थरावर डाग पाडलेले असतात, आणि थकलेल्या लेन्सला पहिले स्वच्छ दिसतात पण दुसरे दिसायला त्रास होतो. तेव्हा उलटी तपासणी हवी, तीच डिस्क दुसऱ्या प्लेअरवर. माझ्याकडे आणली, माझ्याकडे 1:41 ला गोठली. म्हणजे मावशीचा प्लेअर चार मिनिटांचा गुन्हेगार, बाकी दोष डिस्कचा.

बंटीने तीच डिस्क लॅपटॉपवर लावली आणि शेवटपर्यंत चालवून दाखवली, छाती काढून, "बघा, डिस्क बरोबर आहे." हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय. लॅपटॉपचा ड्राइव्ह एखादी जागा वाचता आली नाही तर वेग कमी करतो, परत वाचतो, परत वाचतो, आणि मधल्या वेळात मेमरीत साठवलेलं चित्र दाखवत राहतो. टीव्हीखालच्या प्लेअरकडे एवढा साठा नसतो, त्याला चित्र सलग पुरवायचं असतं, दोन-तीन प्रयत्न फसले की चौकोन. त्यामुळे लॅपटॉपवर चालते यावरून एवढंच सिद्ध होतं की डेटा अजून मेलेला नाही. या डिस्कमधली फाइल वाचवता येते ही चांगली बातमी, बाकी काही नाही.

यानंतर मी स्वतः एक चूक केली ती पण सांगतो. 1:37 ला नेमकं औक्षण सुरू होतं. अंधार केलाय, 81 ज्योती हलतायत, मागे जरीच्या साड्या. अशा चित्राला एमपेग-2 मध्ये बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, जास्त लागतो, व्हिडिओ डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा सेकंदाला 9.8 मेगाबिट, आणि घरच्या डिस्कवर 8 च्या वर झेप गेली तरी जुने प्लेअर धापा टाकतात. मला वाटलं सापडलं! दोन संध्याकाळी बिटरेटचे आलेख बघण्यात घालवल्या. झेप होती पण 8 च्या जरा वर, तीही क्षणभर. शेवटी कंटाळून एक पुसता येणारी डीव्हीडी घेतली आणि औक्षणाचा तुकडा, तोच एन्कोड केलेला, सुरुवातीलाच टाकला. पुसता येणारी डिस्क प्रकाश कमी परावर्तित करते, प्लेअरला ती वाचायला उलट जास्त कठीण. तरी दिवे झकास हलले, एक चौकोन नाही. म्हणजे दोष दिव्यांचा नव्हता, दिवे डिस्कवर ज्या जागी पडले त्या जागेचा होता.

हे आधीच सुचायला हवं होतं. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट. डेटा मध्यापासून 24 मिलिमीटरवर सुरू होतो आणि 58 वर संपतो, डिस्कची कड 60 वर. बंटीच्या कन्व्हर्टरने "डिस्कमध्ये बसवा" म्हटल्यावर 4.7 जीबी काठोकाठ भरली होती. 112 मिनिटांतलं 97वं मिनिट म्हणजे साधारण 87 टक्के डेटा, बाहेर जाताना घेर वाढत जातो त्याचा हिशेब धरला तर हे ठिकाण मध्यापासून सुमारे 55 मिलिमीटरवर येतं. कडेपासून पाच. स्केल घेऊन डिस्कवर बघितलं, करंगळीच्या नखाएवढी पट्टी, आणि त्या पट्टीत सगळं औक्षण.

नीरो डिस्कस्पीड या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्कॅन केलं तेव्हा तेच चित्र. पीआय एरर नावाचा आकडा असतो, वाचताना किती चुका सापडतात त्याचा, ठरलेली मर्यादा 280. आतल्या बाजूला तो वीस-पंचवीसच्या आत, बराच वेळ सपाट, आणि 4 जीबी ओलांडल्यावर जिना चढल्यासारखा वर, शेवटाकडे मर्यादेच्या पार. बाहेरची कड अशी का बिघडते? दोन संशयित. एक, बंटीने 16 एक्सने, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या सोळा पटीने, भाजल्या होत्या, आणि 16 चा वेग मुळात बाहेरच्या कडेलाच गाठला जातो, डिस्क मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फेरे मारत असते, लेझरला डाग पाडायला वेळच नाही. दुसरा, अण्णांचा फोटो.

हो, स्टिकर. डिस्क डोळ्याच्या पातळीला आडवी धरली आणि तिच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघितलं तर नळी मध्ये सरळ आणि कडेला वाकलेली दिसत होती, टेबलच्या काचेवर ठेवली तर एका बाजूने कड कागदाच्या जाडीएवढी उचललेली. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. वरून आपण पूर्ण गोल कागद चिकटवला की उन्हाळ्यात प्लास्टिक एक म्हणतं, कागद दुसरं म्हणतो, आणि मे महिन्यात या डिस्क बंटीच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आठवडाभर पडून होत्या. वाकलेल्या डिस्कवर लेझर तिरका पडतो आणि कडेला सगळ्यात जास्त तिरका. बंटी सारखा म्हणत होता ना, "पहिल्या दिवशी पूर्ण चालली होती, मी बघितली," पोरगा खोटं बोलत नव्हता. पहिल्या दिवशी डिस्क सपाट होती.

दोन संशयितांपैकी कोणाचा वाटा किती, हेही कळलं, नशिबाने. प्रिंटरची शाई संपल्यामुळे आठपैकी दोन डिस्कवर स्टिकर लावायचा राहिला होता. त्यातली एक शेवटपर्यंत चालली, दुसरी 1:49 ला जराशी अडखळून पुढे गेली. म्हणजे मुख्य आरोपी स्टिकर, वेग त्याचा साथीदार. काका लगेच नखाने स्टिकर काढायला बसले, त्यांना थांबवलं. डीव्हीडीत डेटा दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून सीडीसारखा चांदीचा थर कागदाबरोबर सोलून येत नाही हे खरं, पण ओढाताणीत डिस्क आणखी वाकते आणि गोंद अर्धा राहतो.

आत्याचं प्रकरण फोनवरच. काळंपांढरं चित्र म्हटल्यावर मी विचारलं टीव्ही केवढा जुना, तर डबा टीव्ही, त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा. बंटीच्या कन्व्हर्टरचं सेटिंग न बदलता तसंच राहिलेलं, एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडची टीव्ही पद्धत. जुन्या पाल टीव्हीला एनटीएससीचे रंग कळत नाहीत, एकाचा रंगाचा सिग्नल 4.43 मेगाहर्ट्झवर आणि दुसऱ्याचा 3.58 वर, मग टीव्ही रंग सोडून देतो आणि नुसता उजेड-अंधार दाखवतो. शेजारच्या मुलाकडून प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप "ऑटो" होता तो "पाल" करून घेतला, रंग आले. झटके राहिले, ते राहणारच होते. मूळ शूटिंग सेकंदाला 25 फ्रेमचं, कन्व्हर्टरने ते 29.97 करायला दर पाच फ्रेममागे एक परत दाखवली, आणि हे फाइलमध्येच भाजलं गेलंय, प्लेअर काय करणार बिचारा. स्थिर चित्रात कळत नाही, कॅमेरा पंगतीवरून फिरला की वाढपी अडखळत चालल्यासारखे दिसतात. आत्या म्हणाली मला वाटलं जिलब्या जड होत्या.

दुरुस्ती म्हणजे परत पहिल्यापासून. मी मावशीला म्हटलं पंगत पंचवीस मिनिटं आहे, दहा करू, डिस्कही हलकी होईल. "आणि ज्यांचं तोंड कापशील ते रुसले तर तू समजूत काढायला जाशील?" विषय संपला. मग पूर्ण 1 तास 52 मिनिटंच, पण डीव्हीडी स्टायलर या डीव्हीडी बनवायच्या प्रोग्रॅममध्ये पाल निवडलं, चित्राचा बिटरेट सरासरी 4.2 मेगाबिट, आवाज 224 किलोबिट. हिशेब साधा, 6720 सेकंद गुणिले साधारण 4.4 मेगाबिट भागिले 8, 3.7 जीबी, वरचा पसारा धरून 3.8. डिस्क 53 मिलिमीटरच्या पुढे जातच नाही, कडेची बदनाम पट्टी कोरी. चित्र किंचित मऊ झालं, जुन्या टीव्हीवर कोणाला कळणार नाही, मलाही मुद्दाम बघितल्यावरच कळलं.

कोऱ्या डिस्क आणायला जेल रोडला गेलो. चार दुकानांत हसले. पाचव्यात माळ्यावरून गठ्ठा काढला, धूळ झटकली, "भिया, अब कौन लेता है ये, ले जाओ जित्ते चिये." जुना माल म्हणून एकच आधी भाजून स्कॅन केली, ठीक निघाली, मग बाकीच्या घेतल्या. भाजायला इमगबर्न नावाचा प्रोग्रॅम, वेग 8 एक्स. काही लोक सांगतात सगळ्यात कमी वेग सगळ्यात चांगला, मला पटत नाही, 16 एक्सच्या डिस्कचा रंग फार सावकाश भाजण्यासाठी बनवलेलाच नसतो आणि ड्राइव्हचं गणितही मधल्या वेगांना जास्त बसतं, माझ्या हाताला तरी 8 ने कायम चांगला निकाल दिलाय. व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडून बघणं, चालू ठेवलं. स्टिकर नाही, मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर मार्करने "अण्णा 81" एवढंच. अण्णांचा फोटो पाकिटावर गेला. आणि बंटीला शेवेची वाटी दुसऱ्या खोलीत.

अकरा डिस्क वाटल्या, बारावी लावायला राजेंद्र नगरला सगळे जमले. दीड तास झाला तशी मावशी बोलायची थांबली. 1:37 ला दिवे आले, हलले, पुढे गेले, मावशीने मुठीत धरलेला पदर सोडला. अण्णांनी मात्र रिमोट मागितला आणि चित्र थांबवलं, यावेळी मुद्दाम. चष्मा पुसून टीव्हीजवळ गेले आणि बोटाने ज्योती मोजायला लागले. दोनदा मोजल्या. म्हणाले, "ऐंशीच आहेत." बंटी रिझोल्युशनबद्दल काहीतरी बोलायला लागला तर काकांनी त्याला गप्प केलं, फ्रेम एकेक करून पुढे ढकलली, आणि एक्क्याऐंशीवा दिवा पुण्याच्या काकूंच्या खांद्यामागे निघाला.